पुढची खरेदी कोणती? खान्देशच्या उन्हात पारखलेला सर्क्युलर पोलरायझर

कॅमेरा आणि त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ मिमीची लेन्स यांच्यावर हात बसला, की छंद म्हणून छायाचित्रे काढणाऱ्या जवळपास प्रत्येकासमोर एकच प्रश्न येतो: आता पुढे काय घ्यावे? ट्रायपॉड, फ्लॅश, फिल्टर, जास्तीची बॅटरी, रिमोट, एक्स्टेन्शन ट्यूब, चांगली बॅग अशी यादी लांबत जाते आणि महिन्याच्या खर्चातून एका वेळी एकच वस्तू बसते. सर्वांना लागू पडेल असे उत्तर या प्रश्नाला नाही, कारण कोकणातल्या पावसात किंवा महाबळेश्वरच्या धुक्यात छायाचित्रे काढणाऱ्याची अडचण वेगळी आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पट्ट्यात वर्षाचा बराच काळ रखरखीत उन्हात फिरणाऱ्याची अडचण वेगळी असते. खान्देशात राहून शेत, नदी, डोंगर आणि जत्रा यांची छायाचित्रे काढणाऱ्याने कॅमेरा-लेन्सनंतरची पहिली खरेदी म्हणून सर्क्युलर पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायची, चकाकी कापणारी काच, घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. हे परीक्षण मुख्यतः त्या फिल्टरचे आहे. इतर वस्तूंचा विचार त्याच्या तुलनेने केला आहे.

या मतापर्यंत येण्याचा मार्ग सोपा आहे आणि तो कोणालाही अवलंबता येईल. गेल्या वर्षभरातली जी छायाचित्रे मनासारखी आली नाहीत, ती संगणकावर एका ठिकाणी काढावीत आणि प्रत्येकाच्या बिघाडाचे कारण शोधावे. प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये शटरचा वेग, छिद्राचा आकार (एफचा आकडा; तो जितका लहान तितके छिद्र मोठे), आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) आणि लेन्सची लांबी यांची नोंद आपोआप झालेली असते, त्यामुळे तर्क करत बसावे लागत नाही. शटर १/१५ सेकंदाचे असून चित्र हललेले असेल तर ट्रायपॉडची उणीव आहे. आयएसओ ६४०० पर्यंत चढला असेल आणि माणसे खोलीत बसलेली असतील तर प्रकाशाची उणीव आहे. पक्षी चौकटीच्या मध्यावर ठिपक्याएवढा आला असेल तर लेन्स अपुरी पडते आहे. मात्र शटर भरपूर वेगवान, आयएसओ १००, चित्र स्थिर आणि तरीही रंग फिके, हिरवा रंग राखाडीकडे झुकलेला, पाण्यावर पांढरे पट्टे, डोंगर धुरकट, अशी छायाचित्रे बहुसंख्य असतील, तर दोष चकाकीचा आहे. माझ्या रद्द केलेल्या छायाचित्रांत हाच गट सर्वांत मोठा होता, आणि भरपूर उन्हात काम करणाऱ्या आपल्या भागातील इतरांच्या बाबतीतही वेगळे काही निघण्याचा संभव कमी आहे.

चकाकी म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर रावेर किंवा यावल तालुक्यातील केळीच्या बागेत सकाळी नऊच्या सुमारास जावे. केळीच्या पानावर मेणासारखा पातळ थर असतो आणि पान रुंद, सपाट असल्यामुळे ते वरच्या आकाशाचे प्रतिबिंब थेट आपल्याकडे फेकते. डोळ्याला बाग गर्द हिरवी दिसते, कारण आपली नजर त्या पांढऱ्या झाकेकडे दुर्लक्ष करायला शिकलेली असते. कॅमेरा ती झाक जशीच्या तशी टिपतो. फिल्टर लावून त्याची पुढची कडी सावकाश फिरवली, की साधारण पाव फेऱ्यात चित्र पालटते. आधी पानाच्या मधल्या शिरेजवळची पांढरी पट्टी अरुंद होते, मग ती निघून जाते आणि तिच्या जागी शिरेपासून काठाकडे गेलेल्या बारीक समांतर रेषा, वाऱ्याने फाटलेल्या कडा, पानावर साचलेल्या धुळीचे ठिपके आणि खोडाजवळच्या जुन्या पानांचा पिवळसर तपकिरी रंग, हे सगळे उघडे पडते. कडी आणखी फिरवली की झाक परत येते. शेजारी उभ्या असलेल्या शेतकरी बांधवांना एकदा व्ह्यूफाइंडरमधून हा फरक दाखवावा; फिल्टरचे काम समजावून सांगण्याची वेगळी गरज उरत नाही.

यामागचे कारण असे, की पाणी, पान, काच, ओला दगड, रंग दिलेला पृष्ठभाग अशा अधातू वस्तूंवरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश मोठ्या प्रमाणात ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरींचे कंपन मुख्यतः एकाच दिशेने होते. पोलरायझरमधील पटल नेमके तेच कंपन अडवते आणि वस्तूच्या आतून आलेला, तिचा खरा रंग घेऊन येणारा प्रकाश पुढे जाऊ देते. पाण्याच्या बाबतीत हा परिणाम आपली नजर पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते तेव्हा सर्वाधिक असतो. धातूवरची चकाकी मात्र या रीतीने ध्रुवीकृत नसते, म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यांवर किंवा ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडावर फिल्टरचा उपयोग होत नाही; त्याच ट्रॅक्टरच्या रंगवलेल्या बॉनेटवर होतो. हा भेद ज्ञात असला, की फिल्टर कुठे लावायचा आणि कुठे काढून ठेवायचा, हे जागेवरच कळते.

मी या वस्तूला इतर फिल्टरांपेक्षा वरचे स्थान का देतो, याचे उत्तरही यातच आहे. रंगाची उष्णता, उजेड-अंधाराचा तोल, आकाशाचा निळेपणा या गोष्टी आता सॉफ्टवेअरमध्ये नंतर बदलता येतात. पानावरच्या पांढऱ्या झाकेखाली कोणता रंग होता, हे मात्र सॉफ्टवेअरला ठाऊक नसते, कारण ती माहिती सेन्सरपर्यंत पोहोचलेलीच नसते. दुकानदार लेन्सबरोबर हमखास पुढे करतात तो यूव्ही फिल्टर आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात छायाचित्र सुधारत नाही. सेन्सरसमोर अतिनील किरण अडवणारे पटल आधीपासूनच असते. तो फिल्टर म्हणजे लेन्सवरचे निव्वळ संरक्षक आवरण आहे, आणि त्या कामासाठी लेन्सचे हूड, म्हणजे तिच्या टोकावर बसणारी झडप, जास्त उपयोगी आहे, कारण ते धक्काही झेलते आणि बाजूने येणारे ऊनही अडवते.

आता मर्यादा. त्या सांगितल्याशिवाय ही शिफारस अपुरी राहील, कारण खान्देशातच वर्षाचे काही महिने असे आहेत, की पोलरायझर आकाशाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी ठरतो. निळ्या आकाशातला प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात सर्वांत जास्त ध्रुवीकृत असतो. हा पट्टा शोधण्याची जुनी रीत अशी, की तर्जनी सूर्याकडे रोखावी, अंगठा तिच्याशी काटकोनात धरावा आणि मनगट फिरवावे. अंगठा ज्या ज्या दिशेला जाईल तिथे परिणाम सर्वाधिक. जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि तो पट्टा क्षितिजाभोवती येतो, म्हणजे तत्त्वतः सर्व दिशांना लाभ व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण एप्रिल-मेमधील हवेत उडालेली धूळ प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरते, ध्रुवीकरण मोडते आणि आकाश पांढुरके होते. त्या आकाशाला कोणताही फिल्टर निळे करू शकत नाही. पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून कार्तिकापर्यंत, हवा धुतलेली असते; त्या दिवसांत सातपुड्याची रांग, तिच्यावरचे ढग आणि खालचे कपाशीचे रान एकाच चौकटीत घेतले, तर फिल्टरचा पैसा वसूल होतो.

दुसरी मर्यादा रुंद लेन्सची आहे. १८ मिमीवर एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आडव्या दिशेने सुमारे ६६ अंशांचा भाग पाहतो, पण आकाशातील ध्रुवीकरण एवढ्या मोठ्या भागात एकसारखे नसते, त्यामुळे चित्राच्या एका बाजूला गडद निळा डाग पडतो आणि दुसरी बाजू फिकी राहते. हा डाग नंतर काढणे फार जिकिरीचे काम आहे. उपाय एवढाच, की आकाश चौकटीत कमी घ्यावे, २८-३५ मिमीकडे सरकावे किंवा कडी पूर्ण परिणामापर्यंत न फिरवता अर्ध्यावर थांबवावी. तिसरी गोष्ट प्रकाशाच्या खर्चाची. हा फिल्टर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे. दोन स्टॉप गेले, तर १/१००० सेकंदाचे शटर १/२५० पर्यंत उतरते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे दौडताना टिपायचे असतील, तर त्यांच्या तुकतुकीत अंगावरची चकाकी घालवण्याच्या मोहात न पडता फिल्टर बॅगेत ठेवावा, कारण तिथे शटरचा वेग अधिक मोलाचा आहे, आणि उन्हात चमकणारी घोड्याची पाठ हेच त्या चित्राचे सौंदर्य आहे. इंद्रधनुष्य टिपतानाही सावध राहावे. त्याचा प्रकाश स्वतःच ध्रुवीकृत असल्याने कडी चुकीच्या जागी फिरली, तर ते चित्रातून नाहीसे होते.

खरेदीच्या वेळी आकाराचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. लेन्सच्या पुढच्या आट्यांचा व्यास लेन्सच्या टोकावर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. कॅननच्या १८-५५ आणि ५५-२५० मिमी या दोन्ही एसटीएम लेन्सचा व्यास ५८ मिमी आहे, ५० मिमी एफ १.८ एसटीएमचा ४९ मिमी; निकॉनच्या एएफ-पी १८-५५ चा ५५ मिमी आणि एएफ-पी डीएक्स ७०-३०० चा ५८ मिमी. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा फिल्टर घेणे हा पैशाचा अपव्यय आहे. कॅननची १८-१३५, निकॉनची १८-१४० आणि कॅननची १०० मिमी एल मॅक्रो या पुढे घेतल्या जाण्याची शक्यता असलेल्या लेन्स ६७ मिमीच्या आहेत. म्हणून मी ६७ मिमीचा एकच चांगला फिल्टर आणि त्याच्यासोबत ४९ ते ६७ व ५८ ते ६७ अशा दोन स्टेप-अप रिंगा (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कड्या) घेतल्या. रिंगा अगदी स्वस्त मिळतात आणि त्यांच्यात काच नसल्यामुळे चित्राच्या दर्जावर परिणाम होत नाही. तोटा एकच, पण तो खरा आहे: मोठी रिंग बसवल्यावर लेन्सचे मूळ हूड बसत नाही, आणि बाजूने येणारे ऊन अडवण्यासाठी तळहात किंवा टोपी आडवी धरावी लागते. हे मान्य नसेल, तर दोन्ही लेन्स ५८ मिमीच्या असणाऱ्याने सरळ ५८ मिमीचा फिल्टर घ्यावा.

सर्क्युलर आणि लिनिअर या दोन प्रकारांपैकी पहिलाच घ्यावा. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांची फोकस आणि प्रकाशमापन यंत्रणा सरळ ध्रुवीकृत प्रकाशात फसू शकते. सर्क्युलर प्रकारात मागच्या बाजूला एक जादा पटल असते, जे चकाकी कापून झाल्यावर प्रकाशाचे स्वरूप बदलून तो कॅमेऱ्याला सोसेल असा करते. मिररलेस कॅमेऱ्यांना याची तितकी निकड नाही, तरी बाजारात चांगल्या दर्जाचे फिल्टर आता याच प्रकारात मिळतात.

दुकानात उभ्या उभ्या करता येणारी एक कसोटी इथे तपशिलाने देतो, कारण काळसर काचेला पोलरायझर म्हणून विकण्याचे प्रकार होतात आणि एका दुकानात माझ्याही हाती अशी काच ठेवली गेली होती. गल्ल्याजवळ हिशेबाचा कॅल्क्युलेटर असतोच. तो मागून घ्यावा आणि सुरू करावा. त्याच्या एलसीडी पडद्यातून निघणारा प्रकाश ध्रुवीकृत असतो. फिल्टरची पुढची, म्हणजे लेन्सपासून दूर राहणारी बाजू पडद्याकडे करून मागच्या बाजूने पाहावे आणि फिल्टर फिरवावा. खरा पोलरायझर असेल तर एका स्थितीत आकडे स्वच्छ दिसतात आणि पाव फेरा फिरवल्यावर पडदा जवळजवळ काळा होतो. त्यानंतर फिल्टर उलटा धरून हेच करावे. आता पडदा काळा होत नाही. फार तर त्याचा रंग किंचित पिवळसर-निळसर बदलतो. पुढून काळा होतो आणि मागून होत नाही, तर फिल्टर सर्क्युलर आहे. दोन्ही बाजूंनी काळा होत असेल, तर तो लिनिअर आहे. कुठूनच काही होत नसेल, तर ती नुसती रंगीत काच आहे आणि ती नम्रपणे परत करावी. पाठोपाठ फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा. कागद राखाडी दिसला तर उत्तम, हिरवट किंवा पिवळट दिसला तर तो रंग प्रत्येक छायाचित्रात उतरणार, हे समजून असावे. कडी फिरवताना ती अडखळू नये आणि इतकी सैलही नसावी, की कॅमेरा खाली झुकवताच आपोआप सरकेल.

किमतीचा पल्ला मोठा आहे. काही शे रुपयांत मिळणाऱ्या फिल्टरच्या काचेवर परावर्तन रोखणारा लेप नसतो आणि समोरून ऊन आले की चित्रात धुरकट डाग येतात. दोन ते चार हजारांच्या आसपास, लेप दिलेल्या काचेचा आणि पातळ कडीचा फिल्टर छंदासाठी पुरेसा आहे. त्यापुढे मोजलेल्या पैशांचा फरक छायाचित्रात शोधावा लागतो. जळगाव-धुळ्यातील दुकानांत निवड मर्यादित असते, पण वस्तू हातात घेऊन पारखता येते आणि पक्के बिल मिळते, हा लाभ लहान नाही. मुंबईला जाणे होणारच असेल, तर फोर्टमधील बोरा बाजारात एका गल्लीत अनेक दुकाने पाहता येतात; मात्र केवळ एका फिल्टरसाठी सव्वाचारशे किलोमीटरचा प्रवास करण्याचे कारण नाही. घरपोच मागवल्यास परत करण्याची मुदत पाहून घ्यावी आणि पार्सल उघडताच वरची कसोटी करावी. कॅल्क्युलेटर घरीही असतो.

पाण्याच्या बाबतीत या फिल्टरने मला सर्वाधिक आनंद दिला आहे. चांगदेवला तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर काठाजवळच्या उथळ पाण्यात तळाचे गोटे दिसू लागतात, आणि हतनूरच्या जलाशयावर पांढऱ्या पत्र्यासारखे दिसणारे पाणी स्वतःचा रंग धारण करते. पावसाळ्यात मनुदेवीच्या किंवा पाटणादेवी परिसरातील धवलतीर्थाच्या धबधब्यावर तर त्याचे दुहेरी काम होते: ओल्या काळ्या खडकावरची चकाकी जाते आणि दोन स्टॉप प्रकाश कमी झाल्यामुळे शटर आपोआप मंदावते. सावलीत आयएसओ १०० आणि एफ ११ वर १/१५ सेकंद मिळत असेल, तर फिल्टर लावल्यावर ते १/४ सेकंद होते, आणि पाण्याच्या धारा सलग रेशमी दिसण्यासाठी तेवढे पुरते. वेगळा एनडी (नुसता प्रकाश कमी करणारा) फिल्टर घेण्याची गरज अशा वेळी भासत नाही. मात्र १/४ सेकंद कॅमेरा हातात स्थिर धरता येत नाही, म्हणून दुसरी खरेदी कोणती, हे ओघानेच ठरते.

ट्रायपॉडच्या बाबतीत माझे मत कडक आहे: हजार-दीड हजारात मिळणारा, प्लॅस्टिकच्या डोक्याचा हलका ट्रायपॉड घेण्यापेक्षा काही महिने थांबावे आणि पैसे साठवावेत. असा ट्रायपॉड मोबाइलला पेलतो, पण कॅमेरा-लेन्सचे किलोभर वजन ठेवून उभी चौकट लावली की डोके हळूहळू झुकते आणि वाऱ्याची एक झुळूक आली की मधला दांडा थरथरतो. पाहायचे ते असे: पायांचा सर्वांत खालचा, बारीक भाग बोटाएवढा तरी जाड असावा, मधला दांडा न उचलता कॅमेरा छातीपर्यंत यावा, दांड्याच्या खाली बॅग लटकवायला आकडा असावा, आणि वरचे बॉल हेड स्वतंत्रपणे काढता येईल असे, आर्का पद्धतीची ३८ मिमी रुंद प्लेट घेणारे असावे, म्हणजे पुढे हेड बदलले तरी प्लेट आणि पाय वाया जात नाहीत. कार्बन फायबरचे पाय हलके असतात, पण त्यांची किंमत दुप्पट-तिप्पट होते. गाडीने फिरणाऱ्याला ॲल्युमिनियम चालेल, तोरणमाळला सीताखाईच्या कड्यापर्यंत सामान पाठीवर वाहणाऱ्याने मात्र वजनाचा विचार करावा. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुततात, तेव्हा पायांखाली चपट्या दगडाच्या कपच्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात तीच माती भुकटी होऊन फिरवून घट्ट करायच्या कुलपांत शिरते आणि ती करकरू लागतात, म्हणून खटक्याची कुलपे मला इथे अधिक सोयीची वाटली. रिमोट लगेच घेऊ नये. दोन सेकंदांचा टायमर तेच काम करतो. ३० सेकंदांहून लांब शटर लागू लागले, की मगच रिमोटकडे वळावे. तोरणमाळच्या आकाशातील तारे ठिपक्यासारखे हवे असतील, तर १८ मिमीवर कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात साधारण १७ सेकंदच चालतात आणि तेही टायमरने होते.

फ्लॅशविषयी थोडक्यात लिहितो. घरच्या हळदी-लग्नात छतावर किंवा भिंतीवर प्रकाश उसळवणारा, डोके फिरणारा फ्लॅश उपयोगी आहे, पण मांडवात छत कापडी आणि उंच असल्याने तो लाभ निम्मा होतो. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, ट्रायपॉडलाही परवानगी लागते. अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर नाचणाऱ्या आदिवासी बांधवांच्या तोंडावर फ्लॅश मारणे मला योग्य वाटत नाही. होळीच्या ज्वाळांचा तांबूस उजेड हाच त्या रात्रीचा प्रकाश आहे आणि ५० मिमी एफ १.८ सारखी उजळ लेन्स तो सन्मानाने टिपते. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) टेबलटॉप छायाचित्रांसाठी नावाजले गेले. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तू आणि विचारपूर्वक दिलेला प्रकाश यांतून त्यांनी घराच्या चार भिंतींत जी दृश्ये उभी केली, ती चाळीसगावच्या कलादालनात जाऊन पाहिली, की खिडकीजवळ एक टेबल आणि थर्माकोलचा एक पांढरा तक्ता यांतून किती काम होऊ शकते, याची कल्पना येते. फ्लॅश घेण्याआधी ती भेट अवश्य द्यावी.

हतनूरच्या काठावर हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर स्थलांतरित बदके टिपणाऱ्यांचा कल महाग टेलिकन्व्हर्टरकडे, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसून लेन्सची लांबी वाढवणाऱ्या जोडभिंगाकडे, असतो. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप आणि दोन पटीचा दोन स्टॉप प्रकाश घेतो, आणि एफ ५.६ ची साधी झूम लेन्स आधीच जेवढ्यास तेवढी असते, त्यामुळे अनेक कॅमेऱ्यांचा फोकस अडखळू लागतो. त्याऐवजी जाड कापडाची, चेन लावलेली पिशवी ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्यावी आणि तीत दीड-दोन किलो ज्वारी भरावी. गाडीच्या खिडकीवर किंवा बांधावर ती ठेवून तिच्या खोबणीत लेन्स टेकवली, की हलक्या ट्रायपॉडपेक्षा पक्का आधार मिळतो.

उन्हाचा आणखी एक विचार इथे टाळता येत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस ही मर्यादा दिलेली असते, आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. बंद गाडीत कॅमेरा ठेवणे तर अगदीच वर्ज्य. म्हणून आपल्या भागात काळ्या बॅगेवर पांढरा रुमाल टाकणे आणि जास्तीची बॅटरी सावलीत ठेवणे या गोष्टी कोणत्याही खरेदीइतक्या महत्त्वाच्या आहेत. रबरी फुग्याचा ब्लोअर मात्र पहिल्या दिवसापासून बॅगेत हवाच. पोलरायझरच्या काचेवर धूळ बसली, तर आधी फुग्याने उडवावी, मग मऊ मायक्रोफायबर फडके फिरवावे. थेट शर्टाच्या टोकाने पुसल्यास धुळीचे बारीक कण लेपावर चरे पाडतात. फिल्टर आट्यांत अडकला, तर बळ न करता त्याच्या कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवावा, तो सुटतो.

ज्यांची छायाचित्रे मुख्यतः घरातली, रात्रीची किंवा वेगवान हालचालींची आहेत, त्यांना पोलरायझरचा उपयोग कमी आहे आणि त्यांनी पहिला पैसा उजळ लेन्सवर घालावा. शेत-शिवार, नदी आणि डोंगर हे ज्यांचे विषय आहेत, त्यांनी तो पोळ्याच्या सुमारास घेऊन ठेवावा, म्हणजे पाऊस उघडताच स्वच्छ हवेचे दिवस हाती लागतात.

माझी स्वतःची पुढची खरेदी एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे जवळून टिपण्यासाठी कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, ही ठरली आहे. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी पांढरट पिवळे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. एकाच झाडावर शेजारी शेजारी दोन्ही रंग दिसतात, आणि ते जवळून टिपायला १८-५५ ची लेन्स पुरत नाही. ५० मिमीच्या लेन्समागे ३६ मिमीची ट्यूब लावली, तर ३६ भागिले ५०, म्हणजे सुमारे ०.७२ पट मोठे प्रतिबिंब तिच्या स्वतःच्या क्षमतेत जोडले जाते. ट्यूबमध्ये काच नसल्यामुळे बिघडण्यासारखेही फार काही नाही. घेताना विद्युतसंपर्क असलेला संच घ्यावा, नाहीतर लेन्सचे छिद्र कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही, आणि लेन्स अडकवण्याची कडी धातूची आहे, एवढे पाहून घ्यावे.